नसबंदीनंतरही माजाची लक्षणे दिसतात: कारण कसे शोधावे

नसबंदीची शस्त्रक्रिया होऊन सात-आठ महिने उलटलेले असतात, टाक्यांची खूण केसांखाली दिसेनाशी झालेली असते, आणि एके रात्री मांजरी जमिनीवर लोळू लागते, लांबवलेल्या, विव्हळल्यासारख्या आवाजात ओरडते, पाठीवर हात ठेवताच छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलते, शेपूट एका बाजूला घेते आणि मागचे पाय जागच्या जागी आपटत राहते. आठवड्याभरात सारे शांत होते. दोन-तीन आठवड्यांनी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. कुत्रीच्या बाबतीत मधला काळ मोठा असतो: सहा-सात महिन्यांनी योनीमुख सुजते, रक्तमिश्रित स्राव दिसतो आणि आजवर लक्ष न देणारे कुत्रे दाराशी घुटमळू लागतात.

अशा वेळी पालकांना दोन उत्तरे हमखास ऐकायला मिळतात. ‘ऑपरेशन फसले’ हे एक आणि ‘सवय आहे, जाईल हळूहळू’ हे दुसरे. माझ्या मते दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिले कधीकधी खरे ठरते. पण ते सिद्ध झाल्याशिवाय पोट पुन्हा उघडणे योग्य नाही. दुसरे बहुधा चुकीचे असते, कारण अंडाशयातून येणारे संप्रेरक खरोखर थांबले असेल, तर ठरावीक अंतराने येणारा, वर वर्णन केलेला माज केवळ सवयीने येत नाही. मात्र बहुतेक पुरावा लक्षणे चालू असतानाच, किंवा त्यानंतरच्या मोजक्या आठवड्यांतच, हाती लागतो. आमच्या मांजरीच्या बाबतीत हे कळायला मला तीन पाळ्या लागल्या. प्रत्येक वेळी भेटीची वेळ मिळेपर्यंत ती शांत झालेली असे, तपासणीच्या टेबलावर निमूट बसे, आणि आम्ही ‘काही आढळले नाही’ असा शेरा घेऊन परत येत असू.

तो माजच आहे का, हे आधी ठरवावे

पुष्कळदा पालक ज्याला माज म्हणतात तो माज नसतो. मांजरींत माजाच्या वेळी रक्तस्राव सहसा होत नाही. त्यामुळे मांजरीच्या लघवीच्या जागी किंवा लघवीत रक्त दिसले, तर मूत्रमार्गाचा आजार आधी तपासावा. वयस्क मांजरी रात्री मोठ्याने ओरडत असेल, तिचे वजन घटत असेल आणि भूक मात्र वाढली असेल, तर थायरॉइड ग्रंथीची तपासणी आणि रक्तदाब यांकडे पाहावे. लोळणे हे एकटे लक्षण काहीच सांगत नाही. मांजरे आनंदात, उन्हात आणि काही वनस्पतींच्या वासानेही लोळतात. लोळणे, ओरडणे, अंग घासणे आणि पाठीवर हात ठेवल्यावर मागचा भाग उचलणे ही सर्व लक्षणे एकत्र आली, काही दिवस टिकली आणि मग आपोआप गेली, तरच माजाची शंका बळावते.

कुत्रीत गोंधळाच्या जागा अधिक आहेत. योनीमार्गाची सूज, मूत्राशयाचा संसर्ग, योनीमुखाभोवतीच्या त्वचेच्या घडीत साचलेली ओल, एखादी गाठ किंवा रक्त न गोठण्याचा विकार यांमुळेही स्राव दिसतो आणि ती सतत ती जागा चाटते. काही कुत्र्यांत नसबंदीनंतर मूत्रनलिकेच्या झडपेचा ताण कमी होतो आणि झोपेत लघवी गळते. उठल्यावर अंथरुणावर राहिलेला ओला डाग पाहून पालक त्याला माजाचा स्राव समजतात. योनीमार्गाच्या संसर्गात नर कुत्रे वास घ्यायला येऊ शकतात, म्हणून ‘कुत्रे मागे लागतात’ एवढ्यावरूनही निष्कर्ष काढू नये. खऱ्या माजात कुत्री ठरावीक दिवसांत शेपूट बाजूला करून नराला उभी राहते. ही खूण अधिक भरवशाची आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांचा हिशेब वेगळा ठेवावा. कुत्री माजावर असतानाच शस्त्रक्रिया झाली असेल, तर सूज आणि नरांचे आकर्षण पुढे काही दिवस रेंगाळू शकते. माज संपल्यानंतरच्या साधारण दोन महिन्यांत, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या गर्भधारणा टिकवणाऱ्या संप्रेरकाची पातळी उंच असण्याच्या काळात, अंडाशय काढले गेले असतील, तर ती पातळी एकदम कोसळते, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढते, आणि कुत्री खेळणी गोळा करून कोपऱ्यात नेते, त्यांची राखण करते, तिच्या सडांत दूधही येते. ही खोटी गर्भधारणा आहे. ती अंडाशय शिल्लक असल्याची खूण नव्हे, उलट ते निघाल्याचा परिणाम आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत योनीमार्गातून ताजे रक्त येऊ लागले, तर नोंदी ठेवत न बसता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. गर्भाशयाच्या बांधलेल्या टोकातून तो रक्तस्राव होत असू शकतो.

नेमके कोणते ऑपरेशन झाले होते

हा प्रश्न इतका साधा आहे की तो कोणी विचारत नाही. मादीच्या नसबंदीत बहुतेक ठिकाणी अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही काढतात किंवा फक्त अंडाशय काढतात. दोन्ही पद्धतींत माज थांबायलाच हवा. पण काही ठिकाणी संप्रेरके टिकवण्याच्या हेतूने अंडाशय मुद्दाम ठेवून केवळ गर्भाशय काढतात, किंवा अंडवाहक नलिका बांधतात. अशा मादीला माज येणारच आणि ते बिघाडाचे लक्षण नाही. दत्तक घेतलेल्या प्राण्याच्या बाबतीत तर ‘नसबंदी झालेली आहे’ हे वाक्य अनेकदा ऐकीव असते. पोटावरची किंवा कुशीवरची जुनी खूण दुसऱ्याच शस्त्रक्रियेची असू शकते, आणि खूण न दिसणे हाही पुरावा नाही, कारण चांगली भरलेली जखम काही महिन्यांत शोधूनही सापडत नाही. जुना केसपेपर मिळत असेल तर तो मिळवावा आणि त्यात काय काढले असे लिहिले आहे ते शब्दशः वाचावे.

अंडाशयाचा तुकडा शिल्लक राहतो तो कसा

दोन्ही अंडाशय काढल्याची नोंद असूनही माज येत असेल, तर अंडाशयाचा काही भाग पोटात राहिला असण्याची शक्यता सर्वांत आधी विचारात घेतात. अंडाशय मूत्रपिंडाच्या मागे एका घट्ट अस्थिबंधाने ताणून धरलेले असते, आणि ते जखमेपर्यंत वर आणण्यासाठी तो बंध सैल करावा किंवा तोडावा लागतो. उजवे अंडाशय डाव्यापेक्षा पुढे आणि खोल असते. त्यामुळे छाती खोल असलेल्या किंवा अंगात चरबी जास्त असलेल्या कुत्रीत त्या बाजूला चिमटा अंडाशयाच्या अगदी कडेवर, कधी त्याच्या आरपार, बसू शकतो. मागे राहिलेला तुकडा काही मिलिमीटरचा असला तरी पुरतो. इतकेच नव्हे, तर सुटून पोटात पडलेला कणही आतड्यावरच्या पडद्याला चिकटून नवा रक्तपुरवठा मिळवू शकतो आणि काही काळाने काम करू लागतो. म्हणूनच लक्षणे कधी काही आठवड्यांत, तर कधी काही वर्षांनी दिसतात. मांजरींत मूळ अंडाशयापासून दूर, जन्मतःच वेगळी असलेली अंडाशयाची ऊतीही क्वचित आढळली आहे. अशा वेळी पहिल्या शस्त्रक्रियेत कोणाची चूक झाली असे म्हणता येत नाही.

हे समजून घेतल्याने एक व्यावहारिक फायदा होतो. पहिल्या शस्त्रवैद्याकडे भांडणाच्या पवित्र्यात न जाता ‘अशी लक्षणे आहेत, तुकडा राहिला असेल का ते तपासू या’ असे म्हणून गेल्यास जुनी नोंद मिळते आणि कोणत्या बाजूला अडचण आली होती हेही कळू शकते.

नोंद कशी ठेवावी

लक्षणे सुरू झाल्याचा दिवस, संपल्याचा दिवस आणि प्रत्येक दिवशी काय दिसले, एवढे लिहावे. त्याहून उपयोगी पडते ते मोबाइलवर घेतलेले एक-दोन मिनिटांचे चित्रण, ज्यात मांजरीच्या पाठीवर हात ठेवल्यावर ती काय करते हे दिसते. आमच्या बाबतीत शब्दांनी जे पटले नव्हते ते या चित्रणाने पटले. कुत्रीच्या बाबतीत स्रावाचा रंग रोज पाहावा आणि पांढऱ्या कापसाने टिपून त्याचे छायाचित्र ठेवावे.

नोंदीतील अंतरे वाचताना प्राण्याचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. मांजरी दिवस मोठे होऊ लागले की माजावर येतात आणि दिवस लहान झाले की थांबतात. म्हणून हिवाळाभर काही झाले नाही म्हणजे प्रश्न सुटला, असे समजू नये. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे चालू राहत असतील, तर वर्षभरही पाळ्या येऊ शकतात. शिवाय मांजरीत अंडमोचन, म्हणजे अंडाशयातून अंडे बाहेर पडणे, आपोआप होण्यापेक्षा बहुधा समागमाने होते. नसबंदी झालेली म्हणून बाहेर सोडलेल्या मांजरीचा बोक्याशी संग झाला, तर शिल्लक तुकड्यातूनही अंडमोचन होते आणि पुढचे साधारण दीड महिना ती शांत राहते. पालकांना वाटते की आजार आपोआप बरा झाला.

तपासण्या आणि त्यांची वेळ

सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित तपासणी म्हणजे योनीमार्गातील पेशींची. कापूस गुंडाळलेल्या बारीक काडीने पेशी घेऊन काचपट्टीवर पसरवतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. इस्ट्रोजेनचा, म्हणजे माज आणणाऱ्या संप्रेरकाचा, प्रभाव असेल तर पेशी मोठ्या, चपट्या आणि कोनदार कडांच्या होतात, त्यांचे केंद्रक आक्रसते किंवा नाहीसे होते; प्रभाव नसेल तर पेशी लहान, गोल आणि ठळक केंद्रकाच्या राहतात. लक्षणे चालू असताना, शक्य तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ही तपासणी केली तर तिचा अर्थ लागतो. लक्षणे गेल्यावर केली तर तिचा नकार काहीच सिद्ध करत नाही. म्हणून पशुवैद्याशी आधीच बोलून ठेवावे की पुढच्या वेळी लक्षणे दिसताच आम्ही त्याच किंवा दुसऱ्या दिवशी येऊ. ही एक गोष्ट आम्ही पहिल्याच वेळी केली असती, तर दोन महिने वाचले असते.

प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी याच्या पुढची पायरी आहे आणि तिची वेळ वेगळी आहे. कुत्रीत अंडमोचन आपोआप होते. त्यामुळे माजाची लक्षणे सरल्यावर एक ते तीन आठवड्यांनी रक्त घेतले आणि पातळी मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅमपेक्षा वर निघाली, तर अंडाशयाची ऊती काम करते आहे असे मानतात. मांजरीत आधी अंडमोचन घडवावे लागते: माज चालू असताना त्यासाठीच्या संप्रेरकाचे इंजेक्शन देतात आणि साधारण आठवड्याने रक्त घेतात. (पेशी घेण्यासाठी काडी घातल्यानेही मांजरीत कधीकधी अंडमोचन घडते, हे पशुवैद्याच्या ध्यानात असते, पालकांनी मात्र तपासणीनंतर लक्षणे अचानक थांबली म्हणून औषधाविना बरे झाले असे समजू नये.)

माज पकडणे जमतच नसेल, तर अँटी-म्युलेरियन हार्मोन, म्हणजे ए.एम.एच., या तपासणीबद्दल विचारावे. हे संप्रेरक मादीत अंडाशयातील पुटिकांभोवतीच्या (अंडी जिथे वाढतात त्या बारीक पिशव्यांभोवतीच्या) पेशी तयार करतात, त्यामुळे दोन्ही अंडाशय पूर्ण निघालेल्या मादीच्या रक्तात ते सापडू नये आणि त्यासाठी माजाची वाट पाहावी लागत नाही. तुकडा फार लहान असेल तर मात्र चाचणी नकारार्थी येऊ शकते. एल.एच. या, अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकाची तपासणी उलट दिशेने काम करते: अंडाशय नसलेल्या मादीत ते तयार करणाऱ्या, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला लगाम राहत नाही आणि ते कायम उंच असते, म्हणून ते कमी आढळले तर अंडाशयाची ऊती असल्याचा संशय पक्का होतो, उंच आढळले तर एका नमुन्यावर भिस्त ठेवू नये. इस्ट्रोजेन थेट मोजण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण त्याची पातळी लवकर वरखाली होते आणि एकच नमुना फसवतो.

सोनोग्राफी करावी का, असे पुष्कळ जण विचारतात. अनुभवी हातांनी, माजाच्या काळात किंवा त्यानंतर लगेच केली, तर तुकड्यातील पाणी भरलेल्या पुटिका दिसू शकतात, आणि गर्भाशयाच्या टोकाची स्थितीही कळते. पण ‘सोनोग्राफीत काही नाही’ या एका ओळीवर शोध थांबवू नये. काही मिलिमीटरचा तुकडा चरबीत सहज लपतो.

शस्त्रक्रियेपूर्वी एक प्रश्न घरातल्या माणसांना

घरात कोणी इस्ट्रोजेनचे मलम, जेल किंवा फवारा त्वचेवर लावते का? रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी अशी औषधे बहुधा हाताच्या आतल्या बाजूला लावतात, आणि मांडीवर बसणारा, हात चाटणारा प्राणी ते औषध रोज थोडेथोडे घेत राहतो. अशा कुत्रीचे योनीमुख सुजते, सड मोठे होतात, कुत्रे मागे येतात, कधी अंगावरचे केस विरळ होतात. पेशींची तपासणीही माजासारखीच निघते. फरक असा की लक्षणे पाळीने येत-जात नाहीत, जवळजवळ कायम राहतात, आणि ए.एम.एच. सापडत नाही. नर कुत्र्यांतही स्तन वाढलेले दिसू शकतात. औषध कपड्याने झाकल्या जाणाऱ्या जागी लावावे का हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, लावल्यावर हात धुवावेत, आणि त्या जागेशी प्राण्याचा संपर्क पूर्ण तोडावा. लक्षणे ओसरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. हा प्रश्न संकोचामुळे विचारला जात नाही आणि विनाकारण पोट उघडले जाते, म्हणून तो येथे स्पष्ट लिहिला आहे.

दुसरी शस्त्रक्रिया

तुकडा असल्याचे सिद्ध झाले, तर तो काढणे हाच टिकाऊ उपाय आहे. माज दाबणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसदृश गोळ्या काही जण सुचवतात. दीर्घकाळ दिल्यास त्यांच्यामुळे स्तनांची वाढ, स्तनांतील गाठी आणि मधुमेह यांचा धोका असतो, त्यामुळे ‘ऑपरेशन टाळण्यासाठी गोळ्या’ हा मार्ग मला पटत नाही. तुकडा तसाच ठेवण्याचीही किंमत आहे. लवकर केलेल्या नसबंदीने स्तनांच्या गाठींपासून जे संरक्षण मिळते ते उणावते, आणि तुकड्यातच पुढे गाठ होऊ शकते. गर्भाशयाचा थोडा भागही राहिला असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली त्यात पू होऊ शकतो. माजानंतरच्या आठवड्यांत प्राणी मलूल झाला, पाणी फार पिऊ लागला, उलट्या झाल्या किंवा दुर्गंधीयुक्त स्राव आला, तर ती तातडीची स्थिती समजावी.

शस्त्रक्रिया माज चालू असताना किंवा अंडमोचनानंतरच्या आठवड्यांत ठेवतात, कारण तेव्हा पुटिका किंवा पीतपिंड (अंडमोचनानंतर पुटिकेच्या जागी तयार होणारा पिंड) फुगलेले असतात आणि तुकडा नजरेस पडतो. शांत काळात तोच तुकडा चरबीपासून वेगळा ओळखू येत नाही. छेद पहिल्यापेक्षा मोठा असतो, आणि एका बाजूला तुकडा मिळाला तरी दुसरी बाजू पाहिल्याशिवाय पोट बंद करू नये, असे शस्त्रवैद्यही मानतात. काढलेली ऊती सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी पाठवली जाईल ना, हे पालकांनी आधीच विचारून घ्यावे. अंडाशयाची ऊती होती असा अहवाल आला, म्हणजे शंकेला जागा राहत नाही. नुसतीच चरबी किंवा जखमेचा व्रण निघाला, तर शोध अपुरा राहिला हे निदान लवकर कळते.

नराच्या बाबतीत

नसबंदी झालेला बोका अजून भिंतीवर फवारे मारतो किंवा कुत्रा अंगावर चढतो, ही तक्रार तितकीच वारंवार येते, पण तिचे उत्तर बहुधा वेगळे असते. टेस्टोस्टेरॉन काही दिवसांतच खाली येते, तरीही शुक्राणू नलिकांत काही आठवडे टिकू शकतात, म्हणून निदान सहा-सात आठवडे त्याला नसबंदी न झालेल्या मादीपासून दूर ठेवावे. वागण्यातला बदल त्याहून सावकाश येतो. प्रौढ वयात नसबंदी झालेल्या, फवारे मारण्याची सवय जडलेल्या बोक्यांपैकी साधारण दहांतील एक ती पूर्ण सोडत नाही. तेथे मातीच्या पेटीची जागा, घरातल्या इतर मांजरांशी असलेले वैर आणि खिडकीबाहेर दिसणारा अनोळखी बोका यांकडे पाहावे लागते. कुत्र्यांत अंगावर चढणे हे खेळाचे आणि उत्तेजनाचेही लक्षण असते.

एक वृषण पोटात राहून गेले असेल, तर मात्र गोष्ट निराळी. बोक्यात याची फार सोपी खूण आहे: शिश्नावरचे बारीक काटे टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असतात आणि नसबंदीनंतर साधारण सहा आठवड्यांत जिरतात. ते अजून शाबूत असतील तर कोठेतरी वृषणाची ऊती आहे. कुत्र्यात ही खूण नसते, तेथे रक्ततपासणीच करावी लागते. पोटात राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका जास्त असल्याने ते शोधून काढणे हिताचे आहे. आणि बोका फवारे मारतो आहे असे वाटत असताना तो खरे तर पुन्हापुन्हा बसून कुंथत असेल, लघवी थेंबभर किंवा मुळीच होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला आहे असे समजून काही तासांच्या आत उपचार मिळवावेत.

आमच्या मांजरीचा तुकडा उजव्या बाजूलाच मिळाला. चार मिलिमीटरचा होता. शस्त्रक्रियेनंतर ओरडणे तिसऱ्या दिवशी थांबले. त्यानंतर दिवस मोठे होण्याचा एक पूर्ण हंगाम जाईपर्यंत मी नोंदवही चालू ठेवली होती, आणि ज्यांची दुसरी शस्त्रक्रिया शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात झाली आहे त्यांनीही पुढचा वसंत उलटेपर्यंत ती बंद करू नये. कुत्रीच्या पालकांनी ती किमान वर्षभर ठेवावी.